छताला ॲक्सेस पॉइंट बसवताना: जागा, केबल, पीओई आणि सेटिंग

आतल्या बेडरूमपर्यंत वायफायची रेंज पोचत नाही, म्हटलं की बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो. आधी रिपीटर येतो, मग मेशचे दोन-तीन डबे येतात, आणि सगळं करून झाल्यावर कुणीतरी सांगतं की केबल ओढा आणि छताला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून नेट घेऊन वायफाय देणारा डबा, लावा. हा सल्ला आधी मिळाला असता तर पैसे वाचले असते. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. केबलवरच्या ॲक्सेस पॉइंटला ही अडचणच नसते.

डबा छताला अडकवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरं काम केबलचं. डबा पाच-सहा वर्षांनी बदलाल, केबल मात्र पुढचं रंगकाम होईपर्यंत आणि बहुधा त्याच्याही पुढे भिंतीतच राहणार. म्हणून इथे केबलवर जास्त बोललो आहे आणि कुठल्या कंपनीचा डबा घ्यावा यावर जवळपास नाहीच. डोळ्यांसमोर आहे तो दोन-तीन बेडरूमचा फ्लॅट, हॉलमध्ये टीव्हीमागे लावलेला फायबरचा ओएनटी (इंटरनेट कंपनीची फायबर जिथे येते तो डबा), आणि निदान काही भागात फॉल्स सीलिंग.

आधी जागा ठरवा, तीही शिडीवर डबा बांधून

छतावरच्या ॲक्सेस पॉइंटचा अँटेना खाली आणि चहूबाजूंना सिग्नल फेकेल असा केलेला असतो. पाठीमागे, म्हणजे स्लॅबकडे, फारसं काही जात नाही. त्यामुळे तोच डबा भिंतीवर उभा लावला की सगळा नकाशा फिरतो: अर्धा सिग्नल समोरच्या खोलीत, उरलेला वरच्या-खालच्या शेजाऱ्यांकडे. भिंतीवर लावायचाच असेल तर त्यासाठीचं वेगळं मॉडेल मिळतं.

भिंत कशाची आहे ते आधी बघा. साडेचार इंची विटेची किंवा सिपोरेक्सची पार्टिशनची भिंत ५ गिगाहर्ट्झला बऱ्यापैकी जाऊ देते, नऊ इंची भिंत कमी. जुन्या कोकणी किंवा गोव्यातल्या घरात फूट-दीड फूट जाडीची जांभ्याची भिंत असली की प्रत्येक खोलीचा हिशेब वेगळा करावा लागतो. आणि गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाणे-पुण्याकडे मिव्हान पद्धतीचे जे टॉवर झालेत, त्यांत आतल्या भिंतीही सळईसकट काँक्रीटच्याच असतात. तिथे 'एका फ्लॅटला एक डबा पुरतो' हे विसरा. मी धरतो तो नियम असा: फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यामध्ये विटेची एकच भिंत, आणि काँक्रीटची शक्यतो एकही नाही.

दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या दारांपुढचा पॅसेज ही बहुतेक वेळा उत्तम जागा ठरते. दारं लाकडाची असतात, सिग्नलला अडवत नाहीत. शिवाय पॅसेजला फॉल्स सीलिंग असतं. एकच पथ्य: पॅसेजच्या वर पाण्याची टाकी ठेवलेला लॉफ्ट किंवा बाजूला टाईल्सनी मढवलेलं बाथरूम असेल तर दोन-तीन फूट सरका. पाणी, आरसा आणि पत्रा ही वायफायची तीन मोठी दुखणी आहेत. पंख्यापासूनही किमान तीन फूट अंतर ठेवा. पाती लोखंडाची असोत वा ॲल्युमिनियमची, फिरती धातूची थाळी अँटेनासमोर नको.

मोठ्या घरात किंवा होमस्टेत मात्र एक लांब पॅसेज धरून ओळीने तीन डबे लावण्याचा मोह टाळा. पॅसेजमध्ये ते एकमेकांना फार स्पष्ट ऐकतात आणि खोल्यांना कमी. तिथे डबे आलटून-पालटून खोल्यांच्या आत घ्यावेत.

भोक पाडण्यापूर्वी चाचणी घ्याच. पंधरा मीटरची तयार पॅच कॉर्ड घ्या, डबा घडीच्या शिडीच्या माथ्यावर तोंड खाली करून बांधा, चालू करा आणि फोन घेऊन घरभर फिरा. अँड्रॉइडवर सिग्नलचा आकडा दाखवणारी वायफाय ॲनालायझर प्रकारची ॲप फुकट मिळतात. आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी ॲपमधला स्कॅनर फोनच्या सेटिंगमधून चालू करावा लागतो. ५ गिगाहर्ट्झवर पलंगाच्या उशाशी उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, आकडा आला की जागा पक्की. उणे ७५ आला तर दारं बंद करून पुन्हा बघा, कारण रात्री ती बंदच असतात. मग सरकवा नाहीतर दुसऱ्या डब्याची तयारी ठेवा.

कुठली केबल घ्यायची

कॅट-६ दर्जाची नेटवर्क केबल, यूटीपी (म्हणजे शील्ड नसलेली), शुद्ध तांब्याची, एकसंध तारेची. एवढं सांगून दुकानदाराला खोका दाखवायला सांगा, कारण बाजारात कॅट-६ म्हणून विकला जाणारा बराच माल सीसीए असतो, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटी केबल घेताना हातात ब्लेड असू द्या. एक तार सोलून तिच्यावर ब्लेड हलकं घासा. आतून चंदेरी दिसली तर पुढचं दुकान. अख्खा खोका घेणार असाल तर वजनावरूनही कळतं. ३०५ मीटरच्या कॅट-६ खोक्यात नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या आसपास असतं. वरचं प्लास्टिक, मधला क्रॉस आणि खोका धरून वजन सात-आठ किलोच भरत असेल तर ते तांबं नाही.

यात एवढा हट्ट का, ते पीओईच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या, आकड्यांवरून समजेल. ८०२.३एएफ या २००३ च्या मानकात नेटवर्क स्विचने (सगळ्या केबल जिथे जोडतात त्या उपकरणाने) पोर्टवर १५.४ वॉट द्यायचे आणि दुसऱ्या टोकाला उपकरणाला १२.९५ वॉट मिळायचे, असं धरलंय. मधले २.४५ वॉट केबलच गरम होऊन खाते. हा हिशेब सर्वांत लांब, म्हणजे १०० मीटरच्या केबलचा आणि जास्तीत जास्त २० ओहमच्या रोधाचा आहे. सीसीएचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा साधारण दीडपट किंवा त्याहून जास्त. पंधरा-वीस मीटरच्या घरात फरक जाणवणारही नाही. पण ॲल्युमिनियमची तार ठिसूळ असते, जॅकमध्ये दाबताना तडकते आणि सहा महिन्यांनी पावसाळ्यात डबा आपोआप रिस्टार्ट होऊ लागतो. मग भिंतीतली केबल बदलणार कोण?

शील्ड असलेली एफटीपी केबल घरात नको. तिचं शील्ड नीट अर्थ केलं नाही तर उपयोगाऐवजी त्रासच जास्त, आणि आपल्याकडे ते अर्थिंग नीट झालेलं क्वचितच आढळतं. कॅट-७ लिहिलेल्या चपट्या पॅच कॉर्डही भिंतीत घालू नका.

लांबीची मर्यादा १०० मीटर, त्यात ९० मीटर पक्की केबल आणि १० मीटर पॅच कॉर्ड. फ्लॅटमध्ये तिच्या जवळपासही जात नाही आपण.

केबलची वाट

नवं बांधकाम असेल तर झिरी मारतानाच २५ मिलिमीटरचा वेगळा पाइप टाकून घ्या आणि त्यातून नायलॉनची दोरी सोडून ठेवा. विजेच्या वायरींच्या पाइपमधून नेटवर्कची केबल कधीही नेऊ नका. इलेक्ट्रिशियन 'काही होत नाही, जागा आहे' म्हणेल, म्हणू दे. पाइपमध्ये ओढताना २३० व्होल्टच्या वायरीचं इन्शुलेशन सोललं गेलं तर तो करंट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो. पाइप समांतर जात असतील तर मध्ये सहा-आठ इंच ठेवा. विजेच्या लाइनला ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

झालेल्या घरात भिंत न फोडता वाट काढायची झाली तर आधी जुने पाइप शोधा. २०००-१० च्या आसपासच्या बहुतेक इमारतींत लँडलाइनसाठी आणि डिश-केबल टीव्हीसाठी वेगळे पाइप टाकलेले असतात, आणि आता बहुधा त्यांतून काहीच चालत नाही. जुनी कोॲक्सियल केबल हीच तुमची ओढायची दोरी. एका टोकाला हलकेच ओढून दुसरं टोक हलतं का बघा. हललं तर नवी केबल आणि सोबत एक नायलॉनची दोरी अशी दोन्ही तिला बांधा. सांधा निमुळता करा: नव्या केबलचं वरचं आवरण चार इंच सोलून आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी फक्त एक-दोन जुन्या केबलभोवती गुंडाळा, बाकीच्या कापा, आणि वरून इन्शुलेशन टेप ओढून घट्ट लपेटा. टाल्कम पावडर लावा. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, आणि ओढणाऱ्याने झटके द्यायचे नाहीत. चार जोड्यांच्या केबलला साधारण ११ किलोच्या वर ताण द्यायचा नसतो. दोरी आत राहू द्या, पुढच्या वेळी तीच कामाला येईल. आणि पाइपात जागा असेल तर एकाऐवजी दोन केबल ओढा. ओढायला लागणारी मेहनत तेवढीच.

जुने पाइप मिळाले नाहीत तर केसिंग-कॅपिंग पट्टी. बायकोला किंवा आईला दिसायला आवडणार नाही, हे धरून चाला. पण दाराच्या चौकटीच्या कडेने आणि छताच्या कोपऱ्यातून नेलेली अर्धा इंची पट्टी भिंतीच्या रंगात रंगवली की महिनाभरात कुणाच्या लक्षातही येत नाही. मिव्हानच्या इमारतीत तर हाच रस्ता. तिथल्या भिंती इमारतीचा भार पेलतात. त्यांना झिरी मारणं म्हणजे सळया उघड्या करणं, आणि सोसायटी ते करू देत नाही ते बरोबरच करते.

फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून केबल नेताना सीलिंगवरचे एलईडी पॅनेल हेच खिडक्या म्हणून वापरा. आधी डीबीमधला, म्हणजे घराच्या मेन बोर्डातला, त्या लाइनचा एमसीबी पाडा. गोल पॅनेलची कड बोटांनी हळूच खाली ओढली की ते बाहेर येतं. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या क्लिपा मात्र दाबून धरा, नाहीतर बोटावर खटकन बसतात. कनेक्टर सोडवा, पॅनेल बाजूला ठेवा. आता चार-सहा इंचाच्या त्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा टॉर्च लावून आत घाला आणि चारी दिशांचा व्हिडिओ काढा. सीलिंगचे धातूचे चॅनेल कुठून जातात, वायरी कुठे लोंबतायत, बीम कुठे आडवा आलाय, सगळं दिसतं. मग एका भोकातून फिश वायर, म्हणजे इलेक्ट्रिशियन जिला स्प्रिंग म्हणतात ती, पुढच्या भोकाकडे ढकला. पॅनेलच्या ड्रायव्हरला (त्याला वीज देणाऱ्या छोट्या डबीला) चिकटून केबल नेऊ नका. सीलिंगच्या बोर्डावर नुसती टाकूनही ठेवू नका. हँगरपासून वेगळी, स्लॅबला क्लिपने किंवा निदान लवचिक पाइपातून न्या. उंदीर असलेल्या इमारतीत पाइप हवाच. केबलचं आवरण त्यांना का आवडतं कोण जाणे, पण आवडतं.

वळणं गोलसर ठेवा, केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा लहान वाकवू नका. झिपटाय इतका आवळू नका की आवरणावर खाच पडेल. ॲक्सेस पॉइंटच्या टोकाला सीलिंगच्या वर एक-दीड मीटर केबलचं वेटोळं जास्तीचं सोडा, आणि दोन्ही टोकांना ओढण्यापूर्वीच नंबर लिहा. नंतर सगळ्या केबल सारख्याच निळ्या दिसतात.

टोकं बांधणं

दोन्ही टोकांना एकच रंगक्रम, तो म्हणजे टी-५६८बी. आपल्याकडे जवळपास सगळे हाच वापरतात, म्हणून तुम्हीही तोच:

१. पांढरा-नारिंगी
२. नारिंगी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

स्विचच्या बाजूला प्लग न मारता कीस्टोन जॅकवर (भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटवर) केबल संपवा आणि तिथून छोट्या पॅच कॉर्डने स्विचमध्ये जा. भिंतीतली तार एकसंध असते, वारंवार हलवली की तुटते. जॅक ती हलू देत नाही. ॲक्सेस पॉइंटच्या मागे मात्र जॅकला जागा नसते, तिथे सरळ आरजे-४५, म्हणजे नेटवर्क केबलचा नेहमीचा, प्लग चालतो. प्लग एकसंध तारेसाठीचा आणि कॅट-६ च्या जाडीचा घ्या. कॅट-५ई च्या प्लगमध्ये कॅट-६ च्या तारा कोंबल्या की आवरण आत जात नाही आणि प्लग केबलवर डुलत राहतो.

प्लग मारताना घाई नको. आवरण इंच-सव्वा इंच सोला, मधला प्लास्टिकचा क्रॉस मुळापासून कापा. जोड्या उलगडा, प्रत्येक तार अंगठा आणि पहिल्या बोटात धरून दोन-तीनदा ओढून सरळ करा. आठही तारा क्रमाने शेजारी शेजारी लावून चिमटीत दाबा आणि पुढची टोकं कटरने एका रेषेत कापा, आवरणापासून अर्धा इंच राहील इतकी. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडलेला नसावा. प्लगची क्लिप खाली, सोनेरी पिना वर आणि केबल घुसायचं तोंड तुमच्याकडे: डावीकडची पहिली पिन ती एक नंबरची. तारा आत सरकवा आणि प्लग समोरून डोळ्याजवळ धरून बघा. आठ तांब्याचे चकाकते ठिपके पुढच्या भिंतीला टेकलेले दिसले, आणि आवरण प्लगच्या आतल्या पाचरीखाली गेलेलं असलं, तरच क्रिंपिंग टूल दाबा.

मग टेस्टर. एक ते आठ दिवे दोन्हीकडे त्याच क्रमाने लागायला हवेत. टेस्टर लावण्याआधी केबल स्विचमधून काढा. पीओई चालू असलेल्या पोर्टवर स्वस्तातला टेस्टर लावला तर तो जळू शकतो. स्वस्त टेस्टर फक्त जोडणी दाखवतो, दर्जा नाही. त्यामुळे खरी परीक्षा नंतर: स्विच आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यातली लिंक १००० एमबीपीएस दाखवते का. १०० दाखवत असेल तर चारपैकी एखादी जोडी गेलेली आहे. १०० ला फक्त १, २, ३ आणि ६ या पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तपासा.

पीओई: वीज केबलमधूनच

छताजवळ प्लग पॉइंट काढायची गरज नाही, हाच तर या डब्यांचा मुख्य फायदा. एकच डबा असेल तर पीओई इंजेक्टर पुरतो. त्याला दोन पोर्ट असतात: लॅन पोर्टमध्ये राउटरकडून येणारी केबल, पीओई पोर्टमधून छताकडे जाणारी. दोन किंवा जास्त डबे, किंवा सोबत सीसीटीव्ही असेल तर पीओई स्विच घ्या.

डब्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये कुठलं मानक लिहिलंय ते बघूनच स्विच निवडा. एएफला १५.४ वॉट, २००९ च्या ८०२.३एटी म्हणजे पीओई-प्लसला ३० वॉट, आणि २०१८ च्या ८०२.३बीटीला ६० ते ९० वॉट. वायफाय-६ चे साधे डबे बहुधा एएफवर भागवतात. मोठ्या अँटेनांच्या किंवा २.५ गिगाबिट पोर्टच्या डब्यांना एटी लागतं. स्विचवर पोर्टनिहाय आकड्याशिवाय एकूण किती वॉट मिळतात तेही लिहिलेलं असतं. १२ वॉटचे तीन डबे आणि ६ वॉटचे चार कॅमेरे म्हणजे ६० वॉट. ६० च्याच स्विचवर ते चालवू नका.

खरी काळजी पॅसिव्ह पीओईची घ्यायची. मानक पीओईचा स्विच आधी पलीकडे योग्य उपकरण आहे का, ते रोध मोजून तपासतो आणि मगच व्होल्टेज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर काहीही न विचारता २४ किंवा ४८ व्होल्ट सोडून देतो. काही जुन्या, स्वस्त डब्यांना २४ व्होल्टचं पॅसिव्हच लागतं. उदाहरणार्थ टीपी-लिंकचा ईएपी११०. तो मानक स्विचवर चालू होत नाही. उलट, ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर चुकून ओएनटीच्या पोर्टात लागला तर ओएनटी जाऊ शकतो. म्हणून जुना इंजेक्टर ड्रॉवरमध्ये सापडला तर आधी त्याच्या पाठीवरचं लेबल वाचा.

लाइट गेल्यावर काय, हा प्रश्न आपल्याकडे ओघानेच येतो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस ओएनटीला चालतो, पीओई स्विचला चालत नाही. त्याचा अडॅप्टर बहुधा ४८ ते ५४ व्होल्टचा असतो. ओएनटी, राउटर आणि स्विच एकाच ठिकाणी ठेवा आणि त्या पॉइंटला इन्व्हर्टरची लाइन किंवा छोटा यूपीएस द्या. छतावरचे सगळे डबे आपोआप चालू राहतील. स्विच बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका, पीओई देताना तो चांगलाच तापतो.

छताला अडकवणं

स्लॅबला लावायचं असेल तर ६ मिलिमीटरचा बिट, रॉवल प्लग आणि ३०-३५ मिलिमीटर खोल भोक. बिटवर त्या खोलीला टेप गुंडाळून खूण करा. पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डच्या भिंतीकडे जाणारी सरळ रेषा टाळा, विजेचा पाइप बहुधा त्याच रेषेत असतो. धातू शोधणारा डिटेक्टर असेल तर फिरवा. सळई लागली तर जोर न लावता इंचभर सरका. त्या खोलीचा एमसीबी बंद, डोळ्यांवर चष्मा, आणि शिडी धरायला खाली माणूस. नव्या टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असू शकतो; आत ताणलेल्या केबल असतात, त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसात विचारल्याशिवाय स्लॅबला ड्रिल लावू नका.

जिप्सम बोर्डाला ड्रिलचा हॅमर बंद करून भोक पाडा. डबा जेमतेम अर्धा किलोचा असतो, पण नुसत्या साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डात घुसवलेला स्क्रू पुढे ढिला होतो. टॉगल अँकर (बोर्डाच्या मागे उघडून पकडणारा) वापरा किंवा पॅनेलच्या भोकातून हात घालून बोर्डाच्या वर १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा ठेवा आणि स्क्रू त्यात आवळा. पीओपीचं सीलिंग असेल तर प्लायच हवा, कारण पीओपी कडेने तडकतं. ऑफिसातल्या दोन बाय दोनच्या ग्रिड सीलिंगला डब्यासोबत आलेल्या टी-ग्रिड क्लिपा वापरा. भोक पाडायचीच गरज नाही.

डबा सीलिंगच्या वर लपवू नका. धातूचे चॅनेल सिग्नल खातात, आणि उष्णताही अडकते. कौलारू घरात लावायला छतच नसतं. तिथे तुळईच्या खालच्या बाजूला फळी ठोकून तिच्यावर लावा, कौलांच्या लगत नको.

ब्रॅकेट लावताना केबलचं भोक ब्रॅकेटच्या खिडकीसमोर येईल हे बघा. बहुतेक डब्यांना ब्रॅकेटवर ठेवून फिरवलं की 'टक' आवाज येऊन लॉक बसतं. काढायला छोटी पिन किंवा खाच असते. बसवण्यापूर्वी मागच्या लेबलचा, मॅक ॲड्रेस आणि सीरियल नंबर दिसेल असा, फोटो काढून ठेवा. नंतर त्यासाठी पुन्हा शिडी चढावी लागते.

सेटिंग

राउटर एकच ठेवा. ओएनटी राउटरचं काम करत असेल तर तेच करू द्या आणि ॲक्सेस पॉइंटला फक्त पूल (ब्रिज) बनवा, राउटर नाही. आयपी पत्ते एकाच ठिकाणाहून वाटले जायला हवेत. ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन हॉलमधून त्यालाच चिकटून बेडरूमपर्यंत येतो.

डबा नेटवर्कवर दिसत नसेल तर ठरलेला पत्ता वापरा: टीपी-लिंक ईएपी मालिकेचा १९२.१६८.०.२५४, युनिफायचा १९२.१६८.१.२०. लॅपटॉपला त्याच मालिकेतला पत्ता हाताने देऊन पहिल्यांदा आत शिरता येतं. डीफॉल्ट पासवर्ड लगेच बदला आणि फर्मवेअर अपडेट करा.

देश भारत निवडा. अमेरिकेतून येताना मुलाने किंवा भावाने आणलेला डबा असेल तर हा पर्याय कदाचित दिसणारच नाही. काही कंपन्यांची अमेरिकी मॉडेल तिथल्याच वायफाय चॅनेलना (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांना) बांधलेली असतात. भारतात २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना खुला झाला, त्यामुळे निवडीला वाव आहे. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनेल सरळ चालतात. ५२ ते १४४ मध्ये डबा आधी रडार आहे का ते ऐकतो, म्हणून सुरू व्हायला साधारण मिनिटभर लागतो आणि मध्येच चॅनेल बदलू शकतो. पण शेजाऱ्यांचे ओएनटी ३६ आणि १४९ वर गर्दी करून असतील तर हाच मधला पट्टा शांत मिळतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर ८० ठेवा. तीनपेक्षा जास्त डबे असतील तर ४०.

ट्रान्समिट पॉवर कमाल ठेवणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे, आणि ती उलटी काम करते. डब्याचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा बारीक आवाज डब्यापर्यंत पोचत नाही; वर फोन लांबच्या डब्याला सोडायलाच तयार होत नाही. २.४ वर कमी, ५ वर मध्यम किंवा जास्त, असं ठेवा. सगळ्या डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच द्या. डब्यांच्या कंट्रोलरमध्ये (सगळे डबे एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ८०२.११के आणि व्ही, म्हणजे फोनला चांगला डबा सुचवणाऱ्या सोयी, चालू करा. ८०२.११आर, म्हणजे झटपट डबा बदलण्याची सोय, मात्र आधी बंदच ठेवा. घरात जुना प्रिंटर किंवा स्वस्त स्मार्ट प्लग असेल तर तो यामुळे अडतो. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र. बेडरूमजवळच्या डब्याचा निळा दिवा सेटिंगमधून बंद करा, रात्री पंख्याच्या पात्यांवर तो फिरताना दिसतो.

वेग तपासताना इंटरनेटच्या स्पीड टेस्टवर अवलंबून राहू नका, ती प्लॅनवरच अडते. लॅपटॉप केबलने स्विचला लावा, त्यावर आयपर्फ३ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवा आणि फोनवरून त्याच्याशी मोजणी करा. घरातल्या घरातला खरा आकडा मिळतो.

दिवाच लागला नाही तर

पहिला संशय केबलवर नको, स्विचच्या पोर्टवर घ्या: पीओई सगळ्याच पोर्टांना नसतो, आठच्या स्विचला बरेचदा पहिले चारच. मग छोट्या पॅच कॉर्डने डबा स्विचजवळच लावून बघा. तिथे चालला तर दोष भिंतीतल्या केबलचा, आणि दहापैकी नऊ वेळा तो छताच्या बाजूच्या प्लगमध्येच असतो. कापा, पुन्हा मारा. दीड मीटर जास्तीची केबल यासाठीच सोडली होती. डबा चालू होतो पण रात्री सगळे घरी आल्यावर रिस्टार्ट होतो, असं असेल तर पीओईचे वॉट कमी पडतायत किंवा केबल सीसीए आहे.

केबल इमारतीबाहेर, म्हणजे आउटहाउसला, गेटच्या खोलीला किंवा शेतातल्या पंपघराला न्यायची असेल तर तांबं नकोच. मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जवळपास वीज पडली तरी त्या लांब तारेत सर्ज येतो आणि स्विचचे पोर्ट जातात. तिथे फायबर ओढा, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी) लावा, आणि पलीकडच्या ॲक्सेस पॉइंटला पलीकडचीच वीज द्या. बाहेरून भिंतीत शिरणाऱ्या कुठल्याही केबलला भोकाच्या आधी खाली एक झोल सोडा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी केबलवरून आत न येता तिथूनच टपकेल, आणि भोक सिलिकॉनने बुजवा.